देवघरातला स्फटिक

आमच्या तंजावरच्या घराचा एकच मोठेपणा होता. ते सरकारी इस्पितळाच्या लाइनीवर होतं. बाकी गावात वीज केव्हाही जायची, पण आमच्या गल्लीतले पंखे फिरत राहायचे, कारण आमची तार इस्पितळाच्या तारेतूनच निघाली होती. आमचे पूर्वज मराठी राज्याबरोबर इकडे आले, राजवाड्यात कुठल्याशा हुद्द्यावर होते, असं घरात बोललं जाई; वडील पाहुण्यांना सांगत ते मात्र विजेचं. इतक्या रुबाबात सांगत की जणू खांब त्यांनीच रोवले होते. तीच बढाई मी एकदा कॉलेजात मारली आणि तिथून सगळं सुरू झालं.

देशाची दारं नुकती उघडली होती तेव्हाची ही गोष्ट. जुन्या बसस्टँडजवळ एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, शेजारी रंगीत टीव्ही आला होता, आणि मी फिजिक्सच्या विभागात पीएचडीसाठी धडपडत होते. माझे सर तमिळ, रोज तिरुवैयारूहून बसने येणारे, कपाळाला विभूती, खिशात दोन पेनं. त्यांना एकच वेड होतं, ते म्हणजे स्फटिक वाढवण्याचं. त्या काळात लेसरची यंत्रं लहान होत चालली होती. वायूच्या लांबलचक नळ्या जाऊन डब्याएवढी यंत्रं येत होती, आणि त्यांच्या पोटात नळीऐवजी स्फटिकाची कांडी असे. त्या कांडीतून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो दुसऱ्या एका खास स्फटिकातून जाऊ दिला की हिरवा होऊन बाहेर पडतो. हा दुसरा स्फटिक सरांना तंजावरात वाढवायचा होता.

वाढवायची रीत ऐकायला अगदी सोपी. खडीसाखर कशी दोऱ्यावर धरते, तसंच. ऊन पाण्यात मावेल तेवढा क्षार विरघळवायचा, त्यात दोऱ्याला बांधून एक बारकासा खडा सोडायचा, आणि पाणी हळूहळू निववत न्यायचं. हळूहळू म्हणजे रोज एका अंशाचा दहावा भाग, असं महिनोन्‌महिने. पाणी जरा तापलं तर स्फटिक विरघळू लागतो. एकदम निवलं तर तो घाईने वाढतो, आणि घाईने वाढलेल्या थरात पांढुरकी धूसर रेघ कायमची बसते. लेसरला तशी एकही रेघ चालत नाही. सरांच्या टाकीतले स्फटिक दरवेळी अर्ध्यावर येत आणि वीज जाई.

उत्तरेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेने सरांचा एक स्फटिक तपासून बघायचं कबूल केलं होतं. तो पसंत पडला तर त्यांच्या छोट्या लेसरसाठी आमचं कॉलेज स्फटिक पुरवणार होतं. माझी पीएचडी त्यावर होती, पुढची नोकरीही बहुधा त्यावरच. आणि सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. आयुष्यभर वाढवलेल्या स्फटिकांतला एक तरी कुणाच्या यंत्रात बसावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते तोंडाने कधी बोलले नाहीत. पण वीज गेली की टाकीवर हात ठेवून उभे राहत, तेव्हा कळायचं.

म्हणून मी म्हटलं, "सर, आमच्या घरी वीज जात नाही."

पुढच्याच रविवारी ते घर बघायला आले. कूडम म्हणजे आमचा पुढचा मोठा खण. तिथे वारा फार. माडीवर ऊन. स्वयंपाकघरात वाफ. मग सरांनी देवघरात डोकं घातलं. जाड भिंती, खिडकी नाही, कुणाची ये-जा नाही, आणि वडिलांनी दिव्यांच्या माळेसाठी नुकताच प्लग बसवून घेतलेला. त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच संकोचला. "पण ही देवाची खोली," ते तमिळमध्ये म्हणाले.

वडील म्हणाले, "सरस्वतीच की ही! ठेवा, ठेवा."

आई दाराशी कॉफीचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आम्हा दोघींना त्याच क्षणी कळलं होतं की महिन्यातले तीन दिवस मला या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येता येणार नाही. आमच्याकडे त्याला 'दूर' म्हणत. 'ती दूर आहे' एवढं म्हटलं की घरात सगळ्यांना समजे. एक वाक्य पुरलं असतं: सर, इथे नको, माडीवर माझ्या खोलीत ठेवू, उन्हाचं काही तरी करू. पण ते वाक्य वडिलांसमोर आणि सरांसमोर बोलायचं कुणी? आईच्या पिढीत शक्य नव्हतं. माझ्या पिढीतही नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी भौतिकशास्त्राची संशोधक, आणि मी आपली फरशीचे चौकोन बघत बसले.

अशी टाकी देवघरात आली. माशांच्या टाकीसारखी काच, तिच्यात पाणी, त्या पाण्यात क्षाराची बंद बरणी, बरणीत दोऱ्याला लटकलेला खडा. टेपरेकॉर्डरची एक जुनी मोटार तो खडा हळू फिरवायची. पाणी किती तापवायचं ते एका थर्मामीटरवर ठरायचं. त्याच्या माथ्यावर एक चकती होती. ती केसभर फिरवली की पाणी अंशाच्या दहाव्या भागाने निवायचं. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या डबीतून 'टिक्' असा आवाज येई. देवांच्या शेजारी तो आवाज दिवसभर चालायचा.

आईने काही विचारलं नाही. धुराचे कण बरणीत गेले तर नको तिथे खडे धरतात, एवढं मी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने उदबत्ती बंद केली. कापूर अंगणात लावू लागली. समई टाकीपासून लांबच्या कोपऱ्यात गेली. शेजारची मामी म्हणाली, "कायगे, देवास धूप नाही?" तर आई म्हणाली, "मज खोकला येतो." आईला खोकला कधीच नव्हता.

आता त्या तीन दिवसांचं. सगळ्यात हास्यास्पद गोष्ट ही की त्या दिवसांत मी कॉलेजला जात होते. टाऊन बसमध्ये बायकांच्या रेट्यात उभी राहत होते, प्रयोगशाळेत शंभर वस्तूंना हात लावत होते, सरांच्या टेबलावरची तीच पेनं उचलत होते. घरी आले की मात्र पुढच्या दाराने नाही, बाजूच्या बोळातून मागे. विहिरीजवळच्या ओसरीवर माझी चटई, माझं ताट, माझा पेला. सगळ्या जगाला शिवून आलेली मुलगी तेवढ्या एका खोलीला शिवायची नाही. याच्यावर मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात चिडत होते, आणि चिडून झालं की निमूट चटई अंथरत होते.

थर्मामीटरवरचा आकडा तेव्हा वडील वाचत. नाकावर चष्मा, हातात टॉर्च, आणि देवघरातून थेट मागच्या ओसरीपर्यंत हाळी: "एकूणपन्नास पॉइंट चार, हां!" दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आमच्या टाकीचं तापमान पाठ झालं होतं. माझी तारीखही झाली असणार. पहिल्या महिन्यात वडिलांनी चकतीही फिरवून पाहिली. चकती उलटी गेली, पाणी तापलं, आणि खड्याचा एक कोपरा गोल होऊन गेला. त्यानंतर ते टाकीला हात लावायला तयार होईनात.

"आई, तू फिरव," मी ओसरीवरून म्हटलं.

"नको बाई. सरांनी तुज दाखविलें, मज नाही. माझ्या हातून गेलें तर तुझें जन्माचें जाईल."

मग त्या तीन दिवसांत चकती कुणीच फिरवत नसे. पाणी आहे तिथेच राही, स्फटिकाची वाढ थांबे. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी आत जायची, आणि राहिलेले दिवस एकदमच भरून काढायची. चकती तीन-चार दिवसांची पुढे. सरांना दाखवायच्या आलेखावर रेघ पुन्हा सरळ यायला हवी होती ना. ती येत असे. "तुमच्या घरची लाइन म्हणजे लाइन," सर खूष होऊन म्हणत, आणि मी मान हलवत असे.

मला कळत नव्हतं का, की एकदम निववलं की धूसर रेघ बसते? कळत होतं. पुस्तकात लिहिलेलं होतं. पण खडा गढूळ पाण्यामागे, काचेमागे काच, नीट दिसत नव्हता. आणि एवढ्याने काय होतंय, असं मन समजूत घालत होतं. दुसरा मार्ग सरांना कारण सांगण्याचा होता. त्यापेक्षा धूसर रेघ परवडली.

नवरात्र आलं. कूडमात पायऱ्यांवर कोलू मांडला, म्हणजे आमच्या इकडच्या रिवाजाप्रमाणे बाहुल्यांची आरास. बायका हळदीकुंकवाला येत, कोलू बघून झाला की आई त्यांना देवघराच्या दारातून टाकी दाखवी. "मुलीनें वाढविलेला," एवढंच म्हणे, पण तिचा आवाज इतका मऊ होई की मला आत कुठे तरी टोचायचं. एका बाईने तर टाकीलाच लांबून नमस्कार केला. मी मात्र ऐन आयुधपूजेला दूर होते. नेमकं तसंच व्हायचं असतं.

आयुधपूजेला आमच्याकडे अवजारं, पुस्तकं, सायकली, सगळ्यांना चंदनकुंकू लावतात. कॉलेजला सुट्टी. मी ओसरीवर चटईवर बसले होते, पुढ्यात ताट, ताटात आंबट डांगर-पचडी आणि भात. एवढ्यात पुढच्या दारातून सरांचा आवाज आला. टाकीची पूजा करायला ते तिरुवैयारूहून सकाळच्या बसने आले होते. चंदन, कुंकू, केळी, गूळ घातलेल्या कुरमुऱ्यांचा पुडा.

"कुठाय ती?" त्यांनी विचारलं.

"जुरम," वडील म्हणाले. म्हणजे ताप.

आमच्या तंजावरच्या घरांत एक खोड आहे. पुढच्या दारात उभं राहिलं की कूडम, मधला खण, मागचं दार, आणि त्यापलीकडची विहीर अशी सरळ एका ओळीत दिसते. मी ताट उचलून नारळाच्या आडोशाला सरकायला उठले आणि सरांनी नेमकी मान वळवली. मी त्यांना दिसले. ठणठणीत, हातात ताट, पाठीमागे अंथरलेली चटई. त्यांनी लगेच मान फिरवली आणि वडिलांना म्हणाले, "ताप असला की कंजीची पेज द्या. जपा तिला." मग आत जाऊन त्यांनी टाकीला कुंकू लावलं. मी नारळाला टेकून उभी होते. माझे कान जळत होते. त्यांनी पाहिलं की नाही, पाहिलं तर समजले की नाही, हे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला विचारत राहिले. नाहीच समजले, असं ठरवून टाकलं. तेच सोयीचं होतं.

संक्रांतीनंतर स्फटिक बाहेर काढला. अंगठ्याएवढा, चार बाजूंचा, वर टोक. उन्हात धरला तर पाण्यासारखा. सरांनी डोळे पुसले. मीही त्या क्षणी सगळं विसरले. आईने आपला एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टीलचा, डबा दिला, आम्ही स्फटिक कापसात गुंडाळून त्यात ठेवला, आणि मी आणि सर मद्रासवरून गाडी बदलून उत्तरेला निघालो. दोन रात्री तो डबा सरांच्या मांडीवर होता.

प्रयोगशाळेतले तपासणारे शास्त्रज्ञ महाराष्ट्रातले निघाले. मी मराठी, हे कळल्यावर ते इतके हरखले की सरांना खुर्ची द्यायचंही विसरले. "अहो, बोला ना मराठीत!" मी बोलले. "आम्ही काल सांजेस पोंचलों, सर मज घेऊन आले." ते हसत सुटले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "बखरीतून उठून आल्यासारखं बोलता तुम्ही!" त्यांच्याबरोबरचे दोन तरुणही हसले. मी घरी हीच भाषा बोलत होते, तिची लिपीसुद्धा मला तेव्हा येत नव्हती, ती पुढे पुण्याला नोकरीला आल्यावर शिकले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझं तोंड उघडायची लाज वाटली. ती दिवसातली पहिली लाज, आणि सगळ्यात हलकी.

खोली अंधारी केली. लेसर मारण्याआधी त्यांनी स्फटिकातून बाजूने एक बारीक तांबडा किरण सोडला. स्वच्छ असेल तर आत काहीच दिसत नाही. आमच्या स्फटिकात रेघा उजळल्या. एकीवर एक, सारख्या अंतरावर, साडीच्या काठासारख्या नीट.

शास्त्रज्ञांनी वाकून मोजल्या. "हा वाढवायला किती महिने लागले?" त्यांनी इंग्रजीत सरांना विचारलं. सरांनी सांगितलं. "जितके महिने तितक्या रेघा," ते म्हणाले. "गंमत आहे. तुमच्याकडे दर महिन्याला काही तरी होतंय. वाढ थांबते, आणि मग एकदम घाईने सुरू होते. काय होतं दर महिन्याला?"

सगळे विचार करू लागले. मनापासून. एक म्हणाला, पाणी बदलता का? दुसरा म्हणाला, मोटारीला तेल घालता का? मग त्यातला एक तरुण हसून म्हणाला, "स्फटिक चंद्रावर चालतोय की काय तुमचा?" आणि सगळे पुन्हा हसले.

मी अंधारात उभी होते याबद्दल मी देवाचे आभार मानले. माझ्या देहाचा हिशेब काचेसारखा समोर ठेवलेला होता, तांबडा उजेड पाडून, आणि चार पुरुष वाकून त्याचं कारण शोधत होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ते त्यांचं काम करत होते. पायाखालची जमीन फाटावी म्हणतात, ते मला त्या दिवशी शब्दशः हवं होतं.

"मंथली शटडाउन," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्फटिकाकडेच बघत होते. "आमच्या राज्यात वीजमंडळ महिन्यातून एकदा देखभालीसाठी लाइन बंद ठेवतं. प्रत्येक भागाची ठरलेली वेळ असते. त्याला इलाज नाही."

यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. फक्त ती बंदी इस्पितळाच्या लाइनीला नसते, आणि हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तिथे बंदी नसते म्हणून तर ते टाकी आमच्या घरी घेऊन आले होते.

शास्त्रज्ञ माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "असं होय? महिन्यातून एकदा वीज जाते तुमच्याकडे?"

"होय," मी म्हटलं. "महिन्यास एकदा जात्ये."

मग त्यांनी खरा लेसर लावला. न दिसणारा किरण स्फटिकात शिरला आणि पलीकडच्या भिंतीवर हिरवा ठिपका उमटला. भाताच्या कोवळ्या रोपासारखा हिरवा. सर्वांनी "आहा" केलं. सरांचे ओठ हलले. पण यंत्रात बसायचं तर जास्त जोर सोसावा लागतो. त्यांनी जोर वाढवत नेला, आणि स्फटिकातून एक बारीक आवाज आला, आमच्या देवघरातल्या 'टिक्'सारखाच. एका रेघेवर पांढरा डाग पडला होता. हिरवा ठिपका फाटला. डाग मधल्या रेघेवर होता. ती नवरात्रातली.

"रेघा नसत्या तर बसला असता," शास्त्रज्ञ हळहळून म्हणाले. "पण मनाला लावून घेऊ नका. हल्ली बाहेरून मागवता येतो. फॅक्स केला की येतो." त्यांनी ते समजूत घालायला सांगितलं. सरांनी स्फटिक कापसात गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले.

परतीच्या गाडीत मला रडायचं होतं, आणि सरांसमोर रडले तर कशाबद्दल रडते ते सांगावं लागेल म्हणून रडले नाही. कुठल्याशा स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली होती. खिडकीबाहेर बघत सर म्हणाले, "मलाही मुलीच आहेत." मग खाली उतरून दोन चहा घेऊन आले. एवढंच. आयुधपूजेपासून त्यांना माहीत होतं. तेव्हापासून ते रोज माझी सरळ रेघ बघून मान डोलवत होते, आणि एकदाही म्हणाले नव्हते की टाकी दुसरीकडे हलवू. म्हणायचं तर त्यांनाही कारण सांगावं लागलं असतं. त्यांचा स्फटिक बुडत होता आणि ते माझी लाज राखत होते. मला त्यांचा राग आला. मग त्या रागाचीही लाज वाटली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "हिरवें आलें?"

"आलें. मग फुटलें."

मी स्फटिक तिच्या हातात दिला आणि टॉर्च बाजूने धरून रेघा दाखवल्या. मला वाटलं समजावून सांगावं लागेल. पण तिने बोट ठेवलं आणि खालून वर म्हणत गेली, "ही श्रावणांतली... ही गौरीची... ही आयुधपूजेची... ही तुळशीच्या लग्नास, तुला पोटांत फार दुखलें ती..." मुलीचे महिने आईइतके कुणाला पाठ असतात? शेवटच्या रेघेवर बोट थांबलं. तिने पदर तोंडाशी नेला.

"हें सगळ्यांनी पाहिलें?"

"होय."

"पुरुषमाणसेंच होतीं?"

"होय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. स्फटिक फुटला याचं तिला काहीच नव्हतं. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुझ्या देवांनी सरांचं वाटोळं केलं. खरं तर मला उंबऱ्यावर कुणी अडवलं नव्हतं. वडील घरात नसत, आई न्हाणीत असे, टाकी हाकेवर टिक्‌टिक्‌ करत असे, आणि मी ओसरीवरून उठत नसे. आईची भीती मला नव्हती. मलाच आत जायला कसंसं वाटत होतं. एवढी पुस्तकं वाचून ते गेलं नव्हतं, हे मला आईवर ओरडताना ठाऊक होतं.

सरांनी सांगितलं, फुटका स्फटिक पुन्हा विरघळवा, क्षार वाया घालवू नका, आणखी एक लावू. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. टाकी पुन्हा सुरू झाली, तिथेच. आणि मी पुन्हा दूर झाले.

ओसरीवर चटई अंथरली होती. सकाळची वेळ. आई मागच्या दारात आली. तिचे हात ओले होते.

"जा आंत," ती म्हणाली.

"काय?"

"देव स्वयंपाकघरांत नेले. खोली रिकामी आहे. जा, फिरव तुझें तें. बेगिन कर, कोणी येईल."

देवघरात मी त्या दिवसांत पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. कोनाडा मोकळा होता. देव होते तिथे तेलाचे गोल डाग, पुसूनही न गेलेले. मी टाकीजवळ गेले आणि माझा हात वर जाईना. तिथे देव नव्हते, मनाईही नव्हती, आईनेच पाठवलं होतं, तरी बोटं चकतीपाशी जाऊन थांबत होती. इतकी लाज मला प्रयोगशाळेतल्या त्या अंधाऱ्या खोलीतही वाटली नव्हती. तिथे निदान दुसरे होते. शेवटी मी डोळे मिटून चकती धरली, मग उघडून केसभर फिरवली. रिले टिक् झाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरापाशी शेजारच्या मामीचा आवाज. "कायगे, देव चुलीपाशी?" आई देवघराच्या दारात माझ्याकडे पाठ करून उभी होती, मामीला आत येता येऊ नये अशी.

"भिंतीस ओल आली," आई म्हणाली. "म्हणून हलविले."

तो स्फटिक निर्दोष निघाला. बाजूने कितीही किरण सोडा, आत काही दिसत नाही. तो तयार झाला तेव्हा सर निवृत्त झाले होते, आणि मी बूथवरून फोन केला तेव्हा प्रयोगशाळेने बाहेरून मागवलेले स्फटिक त्यांच्या यंत्रात बसलेसुद्धा होते. सरांनी तो मला देऊन टाकला. देव पुन्हा देवघरात गेले. ते का हलले होते, हे आमच्या घरात वडिलांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

आता तो पुण्यात माझ्या कपाटात आहे, दमट हवा लागू नये म्हणून आईच्याच डब्यात. घरी विद्यार्थी येतात, मुली येतात, हातात घेऊन उजेडाकडे धरतात. विचारतात, त्या काळात, त्या गावात, इतका स्वच्छ स्फटिक तुम्ही कसा वाढवलात? दरवेळी वाटतं, आज सांगावं. या मुलींना तर नक्कीच सांगावं.

मी म्हणते, आमचं घर इस्पितळाच्या लाइनीवर होतं ना.